सीरमविना केलॉइडच्या पेशी वाढवताना: ऊतीच्या तुकड्यापासून गोठवलेल्या कुपीपर्यंत

कान टोचल्यानंतर पाळीवर उठलेली आणि टोचल्याच्या जागेपेक्षा कितीतरी मोठी झालेली गाठ आपल्याकडे अनेकांनी पाहिलेली असते. साधा वण जखमेपुरता राहतो, हायपरट्रॉफिक वण जाड होतो पण जखमेच्या हद्दीतच थांबतो. केलॉइड मात्र शेजारच्या निरोगी त्वचेत शिरतो आणि कापून काढला तरी पुष्कळदा पुन्हा उगवतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ झाँ-लुई अलिबेर यांनी त्याला खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून नाव दिले, ते याच पसरण्यामुळे. या गाठीत साचणारे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन ज्या पेशी तयार करतात, त्या अंतस्त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी प्रयोगशाळेत सीरमशिवाय कशा वाढवाव्यात, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. वाचकाला निर्जंतुक हूडमध्ये काम करण्याची आणि पेशींचे साधे पॅसेज (वाढलेल्या पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरणे) करण्याची सवय आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

सीरम काढून टाकण्याचा खटाटोप कशासाठी

पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात, म्हणजे माध्यमात, एरवी घातले जाणारे गायीच्या गर्भाचे सीरम स्वस्त नाही, त्याची प्रत दर खेपेला बदलते आणि ते मिळवण्याच्या पद्धतीविषयी नैतिक आक्षेपही आहेत. परंतु केलॉइडच्या बाबतीत खरे कारण याहून वेगळे आहे. सीरम म्हणजे रक्त गोठल्यानंतर उरणारा द्रव. रक्त गोठताना बिंबिका (प्लेटलेट्स) फुटतात आणि त्यांच्यातील पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा यांसारखे वाढघटक त्या द्रवात उतरतात. अखंड त्वचेतील फायब्रोब्लास्टला असा द्रव एरवी भेटत नाही, तो भेटतो जखम झाल्यावर. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९९९ साली सुमारे ८,६०० मानवी जनुकांचा मागोवा घेतला, तेव्हा उपाशी ठेवलेल्या फायब्रोब्लास्टना सीरम दिल्यावर जागी होणारी अनेक जनुके जखम भरण्याच्या प्रक्रियेतली निघाली. थोडक्यात, दहा टक्के सीरमात ठेवलेली निरोगी पेशीही आपण जखमेत बसवून ठेवलेली असते, आणि मग तिची तुलना वणातून काढलेल्या पेशीशी करून दोघींत फारसा फरक नाही असे म्हणतो.

फरक दिसतो तो सीरम कमी केल्यावर. केलॉइडच्या पेशींना वाढण्यासाठी बाहेरच्या वाढघटकांची गरज कमी लागते, हे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते, आणि त्यांच्या सीरमविरहित संवर्धनाचे काम १९९७ साली प्लास्टिक सर्जरीच्या साहित्यात आले. मोजमापाची अडचण त्याहून सरळ आहे. परिपक्व टीजीएफ-बीटा-१ हे प्रथिन गायीत आणि माणसात सारखेच असल्यामुळे, माध्यमात सीरम असेल तर एलायझाच्या (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या) थाळीवर आलेला रंग पेशींनी दिलेल्या घटकाचा की गायीच्या, हे ठरवता येत नाही.

येथे एक शब्दभेद सांभाळावा लागतो. सीरमविरहित माध्यम म्हणजे प्रथिनविरहित माध्यम नव्हे. आणि ज्यात गायीच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क घातला आहे, ते माध्यम सीरमविरहित असले तरी त्यात नेमके काय आहे हे सांगता येत नाही. या लेखातील माध्यमात प्रत्येक घटकाचे नाव आणि प्रमाण ठाऊक आहे.

ऊती हाती येण्यापूर्वी

शस्त्रक्रियेत काढलेली ऊती टाकाऊ असली तरी ती रुग्णाची आहे. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती, तीही त्याला समजणाऱ्या भाषेत, आधी घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. नमुन्यावर नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक द्यावा, मात्र वय, लिंग, शरीरावरील जागा, वण किती वर्षांचा आहे आणि आधी कोणते उपचार झाले, एवढी नोंद अवश्य घ्यावी. ट्रायॅमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शने अलीकडे घेतली आहेत का, हा प्रश्न बहुतेक जण विचारायचा विसरतात. स्टिरॉइड मुरलेल्या ऊतीतून निघालेल्या पेशींचे वागणे वेगळे असू शकते.

तुलनेसाठी लागणारी निरोगी त्वचा शक्यतो त्याच रुग्णाची आणि वणालगतच्या भागातली असावी. फायब्रोब्लास्ट आपण शरीराच्या कोणत्या भागातले आहोत हे संवर्धनातही विसरत नाहीत. म्हणून छातीवरच्या केलॉइडसमोर दुसऱ्या कोणाच्या सुंतेतली त्वचा ठेवली, तर दिसलेला फरक रोगाचा की जागेचा हे कळायला मार्ग उरत नाही. शल्यचिकित्सकाला केलॉइडच्या कडेला एक टाका घालून खूण करायला सांगावे, कारण कडेचा वाढता भाग आणि मधला जुना भाग यांतील पेशी सारख्या नसतात आणि दोन्ही एकाच फ्लास्कमध्ये मिसळणे म्हणजे हातचा प्रश्न घालवणे होय.

माध्यम तयार करणे

पाया म्हणून डीएमईएम आणि हॅम्स एफ-१२ या दोन तयार पोषक द्रावणांचे समभाग मिश्रण घ्यावे. त्यात घालायच्या घटकांचे अंतिम प्रमाण मिलीलिटरमागे असे ठेवावे: इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम, ट्रान्सफेरिन ५.५ मायक्रोग्रॅम, सोडियम सेलेनाइट ६.७ नॅनोग्रॅम, मेदाम्ल काढून टाकलेले मानवी अल्ब्युमिन ५०० मायक्रोग्रॅम, बेसिक एफजीएफ हा वाढघटक ५ नॅनोग्रॅम, ईजीएफ हा वाढघटक ५ नॅनोग्रॅम आणि ॲस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोग्रॅम. याखेरीज लिनोलेइक आम्ल ०.६ मायक्रोमोलर असावे. अल्ब्युमिनमधले मेदाम्ल काढलेले असल्याने ते वेगळे पुरवावे लागते. पहिले तीन घटक एकत्रित तयार द्रावणात मिळतात, ते घेणेच सोयीचे.

या यादीतील काही गोष्टींचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. एवढे इन्सुलिन साखरेसाठी नसते. या प्रमाणात ते आयजीएफ या वाढघटकाच्या ग्राहकालाही (रिसेप्टरलाही) चालना देते आणि पेशी जगवते. ॲस्कॉर्बिक आम्ल नसेल तर कोलॅजेनमधील प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट चढत नाहीत आणि रेणूची तिपेडी वीण पक्की बसत नाही, म्हणजे कोलॅजेनवरच काम करायचे आणि कोलॅजेनच अर्धवट, अशी गत होते. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशांवर दिवसभरही नीट टिकत नाही, म्हणून त्याचा फॉस्फेट जोडलेला स्थिर प्रकार वापरावा. बेसिक एफजीएफही उष्णतेत लवकर निकामी होतो, त्यामुळे माध्यम दर दोन दिवसांनी बदलावे. वाढघटकांचे साठ्याचे द्रावण करताना त्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन घालावे. नाहीतर नॅनोग्रॅममध्ये मोजलेला घटक नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतो आणि आपण पेशींना दोष देत राहतो.

फायब्रोब्लास्टच्या तयार सीरमविरहित संचांत बहुधा हायड्रोकॉर्टिसोन असते, काहींत टीजीएफ-बीटाही. माझ्या मते केलॉइडच्या कामात हे दोन्ही वगळावेत. स्टिरॉइड हा केलॉइडवरचा नेहमीचा उपचार आहे आणि केलॉइडच्या पेशी स्टिरॉइडला निरोगी पेशींसारखा प्रतिसाद देत नाहीत, हे कैक वर्षांपूर्वीच दिसून आले आहे. अशा वेळी ते माध्यमातच घालून ठेवायचे म्हणजे तपासायची गोष्ट आधीच ढवळून ठेवण्यासारखे आहे.

तयार माध्यम ४ अंशांवर अंधारात ठेवावे आणि दोन आठवड्यांत संपवावे. उजेडात रायबोफ्लेविनमुळे माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. सीरम असताना त्याची बाधा बरीचशी झाकली जाते, सीरम काढल्यावर ती पेशींना थेट भोवते. पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिनचे प्रमाणही नेहमीच्या निम्मे करावे आणि पहिल्या दोन पॅसेजनंतर ते बंदच करावे, कारण औषध बांधून ठेवणारी सीरमची प्रथिने आता फारशी नाहीत.

तुकडा फ्लास्कमध्ये बसवणे

ऊती ४ अंशांवरच्या माध्यमात, मिलीलिटरमागे २.५ मायक्रोग्रॅम ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीरोधक घालून आणावी आणि २४ तासांच्या आत हाताळावी. मानवी ऊती म्हणजे संसर्ग असल्याचे धरूनच दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा हूडमध्ये काम करावे, आणि कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वेगळा काढावा.

प्रथम फॉस्फेट क्षारद्रावणाने तीन वेळा धुवावे. खालची चरबी कात्रीने काढावी, ऊतीच्या ३ ते ४ मिलिमीटर रुंद पट्ट्या कराव्यात आणि त्या डिस्पेज या थर सुटे करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) द्रावणात (मिलीलिटरमागे २.४ एकक) ४ अंशांवर रात्रभर ठेवाव्यात. सकाळी बाह्यत्वचेचा पापुद्रा चिमट्याने उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून येतो. तो सुटत नसेल तर जबरदस्ती न करता आणखी दोन तास थांबावे. उरते ती केलॉइडची अंतस्त्वचा. ती पक्व नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरी असते, पण खोबऱ्यासारखी तुटत नाही. पात्याखाली ती रबरासारखी दबते, सरकते, आणि पाते जरा जरी बोथट असेल तर कापली न जाता चेंगरते. चेंगरलेल्या कडेतून पेशी बाहेर पडत नाहीत. म्हणून एका नमुन्याला दोन-तीन पाती लागतील असे धरून चालावे आणि दोन पात्यांनी कात्रीसारखे उलटसुलट कापत १ ते २ मिलिमीटरचे तुकडे करावेत.

आता तुकड्यांपासून पेशी मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. कोलॅजेन तोडणाऱ्या कोलॅजिनेज या विकराने ऊती विरघळवली तर पेशी लवकर मिळतात, पण केलॉइड इतका घट्ट असतो की त्याला निरोगी त्वचेपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि जास्त वेळ विकरात राहिलेल्या पेशी सीरमविना सहज सावरत नाहीत. मी तुकडे चिकटवण्याचीच पद्धत पसंत करतो. २५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कच्या तळाला आधी फायब्रोनेक्टिन या पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा थर द्यावा, चौरस सेंटिमीटरमागे १ ते २ मायक्रोग्रॅम. कोलॅजेनचा थर देऊ नये, तो पुढे कोलॅजेनच्या मोजणीत येतो. दहा-बारा तुकडे एकमेकांपासून अंतर ठेवून मांडावेत, फ्लास्क १५ मिनिटे झाकण सैल करून हूडमध्ये ठेवावा आणि मग तुकडे जेमतेम ओले राहतील एवढेच, म्हणजे सुमारे दीड मिलीलिटर, माध्यम कडेने सोडावे. माध्यम जास्त झाले की तुकडे तरंगतात, आणि तरंगलेला तुकडा पुन्हा बसत नाही. दुसऱ्या दिवशी हळूहळू ५ मिलीलिटरपर्यंत न्यावे. या पहिल्या टप्प्यासाठी माध्यमात दहा टक्के सीरम ठेवावे. पहिल्या दिवसापासून सीरमविना तुकडे लावता येतात, पण त्यांतले निम्मे वाया जाण्याची तयारी हवी, आणि लहानशा नमुन्यावर ती चैन परवडत नाही.

साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान तुकड्याच्या कडेने लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी किरणांसारख्या बाहेर येऊ लागतात. फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी दिसल्या तर बाह्यत्वचा पुरती निघालेली नव्हती असे समजावे. तोवर फ्लास्क रोज उचलून पाहण्याचा मोह आवरावा.

सीरम तोडणे

बाळाचे अंगावरचे दूध एका दिवसात तोडत नाहीत, तसेच येथेही आहे. पहिल्या पॅसेजमध्ये वरच्या वाढघटकयुक्त माध्यमात सीरम ५ टक्क्यांवर आणावे, पेशी ७० टक्के जागा व्यापेपर्यंत थांबावे, मग २.५, १, ०.५ आणि शेवटी शून्य, असे उतरत जावे. पहिल्या उताराला एक पूर्ण पॅसेज द्यावा, पुढच्या उतारांना प्रत्येकी दोन ते तीन दिवस पुरतात. मात्र एक टक्क्याच्या खाली जाताना घाई करू नये. शून्यावर आल्यावर क्षारद्रावणाने तीन वेळा धुवावे आणि पहिल्या २४ तासांचे माध्यम फेकून द्यावे, कारण पेशींभोवतीच्या जाळ्यात अडकलेली सीरमची प्रथिने तोवर बाहेर येत असतात.

या उतारात एक सापळा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. केलॉइडच्या पेशींना वाढघटकांची गरज कमी, त्यामुळे त्या हा उतार निरोगी पेशींपेक्षा सहज पार करतात. निरोगी पेशींपैकी कणखर तेवढ्या उरतात. शेवटी आपण केलॉइड आणि निरोगी यांची तुलना करत नसून, केलॉइड आणि निवडून उरलेल्या निरोगी पेशी यांची करत असतो. यावर पूर्ण उपाय नाही, पण प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंच्या किती पेशी चिकटल्या आणि किती उरल्या याची मोजणी लिहून ठेवली तर निष्कर्ष काढताना हात राखता येतो. दोन्ही प्रकार एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या माध्यमावर आणि एकाच पॅसेज क्रमांकावर चालवावेत. प्रयोग तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजमध्ये उरकावेत.

पेशी विरळ पेरू नयेत. सीरममध्ये चौरस सेंटिमीटरला हजार पेशीही तग धरतात. येथे ५,००० ते ८,००० हव्यात, म्हणजे लहान फ्लास्कला साधारण दीड लाख. एकमेकींच्या स्रावावर त्या जगतात. त्यासाठी जुन्या माध्यमाचा चौथा हिस्सा गाळून नव्या माध्यमात मिसळण्याची युक्ती पहिल्या दोन पॅसेजना उपयोगी पडते.

ट्रिप्सिनची गोष्ट

सीरमवर काम करणाऱ्याला ट्रिप्सिन, म्हणजे पेशी तळापासून सोडवणारे विकर, थांबवावे लागते हे माहीत असते, पण ते कोण थांबवते याचा विचार तो करत नाही. सीरममधील प्रथिने ते काम गुपचूप करत असतात. माझ्या पहिल्या सीरमविरहित पॅसेजला मी सवयीप्रमाणे ट्रिप्सिन घातले, पेशी सुटल्या, वर माध्यम ओतले, आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा माध्यमात धाग्यांसारखा चिकट गोळा तरंगत होता. तो फुटलेल्या पेशींचा डीएनए होता. तीन आठवड्यांचे केलॉइड त्या एका जेवणात गेले.

तेव्हापासून पद्धत अशी आहे. ट्रिप्सिन ०.०२५ टक्के, ईडीटीए या कॅल्शियम बांधणाऱ्या रसायनासह, तेही इनक्युबेटरमध्ये नव्हे तर टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. दोन ते तीन मिनिटांत पेशी गोल होतात. दोन तृतीयांश गोल झाल्या की फ्लास्कला तळहाताने एक हलकी थाप द्यावी आणि लगेच सोयाबीनपासून मिळणारे ट्रिप्सिन-रोधक (मिलीलिटरला १ मिलिग्रॅम) समप्रमाणात घालावे. सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जीवर (गुरुत्वाच्या २०० पट जोराने) ५ मिनिटे फिरवून वरचा द्रव टाकावा, कारण रोधकाने ट्रिप्सिन थांबते पण नळीतून जात नाही. पिपेटने जोरात वरखाली करू नये. सीरमविना पेशींचे आवरण धक्क्याला नाजूक असते.

पेशी सुखी आहेत की नाहीत

सीरमविरहित फायब्रोब्लास्ट दिसायला सडपातळ असतात, टोके लांब आणि पसरट भाग कमी. केवळ एवढ्यावरून घाबरू नये. केंद्रकाभोवती दाणे दाटले, पोकळ्या दिसू लागल्या किंवा पेशींचा थर कडेने चादरीसारखा गुंडाळत सुटू लागला, तर मात्र काहीतरी बिघडले आहे. थर गुंडाळण्याचे कारण बहुधा अतिदाटी असते. केलॉइडच्या पेशी घट्ट जाळे विणतात आणि ते आकसले की सगळेच उचलले जाते, म्हणून ८० टक्क्यांच्या आतच पॅसेज करावा. पेशी चिकटल्याच नाहीत तर आधी फायब्रोनेक्टिनचा थर तपासावा, मग रोधकाची तारीख. चिकटून वाढ थांबली तर बेसिक एफजीएफची कुपी नवी उघडावी. रंगहीन, संथ, कारण न कळणारी मरगळ असेल तर मायकोप्लाझ्मा या संवर्धनात लपून राहणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी करावी. ती एरवीही महिन्यातून एकदा करावीच.

प्रयोगाच्या ४८ तास आधी बेसिक एफजीएफ आणि ईजीएफ दोन्ही काढून घ्यावेत. एफजीएफ कोलॅजेनची निर्मिती दाबतो, आणि तो तसाच राहिला तर केलॉइडच्या पेशीही सज्जनासारख्या वागतात. मोजायचे ते कोलॅजेन वरच्या माध्यमात आणि तळाच्या थरात, दोन्हीकडे मोजावे, आणि आकडा पेशींच्या डीएनएवर भागावा. फक्त एमटीटी चाचणीवर संख्या ठरवू नये, कारण ती पेशींची चयापचय क्रिया दाखवते, डोकी मोजत नाही.

गोठवणे

दुसऱ्या पॅसेजलाच निम्म्या पेशी गोठवाव्यात. सीरमऐवजी त्यांनीच वापरलेले गाळलेले माध्यम आणि ताजे माध्यम समभाग घेऊन त्यात गोठताना पेशींचे रक्षण करणारा डीएमएसओ १० टक्के घालावा आणि अल्ब्युमिन मिलीलिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत वाढवावे. कुपीत दहा लाख पेशी असाव्यात. मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत उतरवून दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावे. वितळवताना कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरून बर्फाचा हरभऱ्याएवढा खडा उरेपर्यंतच हलवावी, मग दहापट माध्यमात थेंबाथेंबाने सोडून फिरवावे आणि दुप्पट दाटीने पेरावे. कुपीवर सांकेतिक क्रमांक, कड की मध्य, पॅसेज आणि त्या दिवशी सीरम किती टक्के होते, हे चारही मजकूर नायट्रोजनमध्ये न पुसणाऱ्या पेनाने लिहावेत.